मधुमेह, हृदयविकार आणि प्राणवायू उपचार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मधुमेह हा केवळ रक्तातील साखरेचा विकार नसून रक्तवाहिन्यांचाही विकार आहे. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अरुंद होतात. मज्जातंतूंची हानी झाल्याने छातीतील वेदनाही काहींना जाणवत नाही आणि हृदयविकाराचा झटका नकळत येऊन जातो. अशा रुग्णाच्या हृदयाचे रक्षण प्राणवायूने होते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

झटक्याच्या वेळी प्राणवायू :
झटका आलेल्या प्रत्येक रुग्णास प्राणवायू देण्याची प्रथा अनेक दशके रूढ होती. परंतु हिमोग्लोबिन आधीच प्राणवायूने संपृक्त असेल, तर अधिक प्राणवायू देऊन रक्ताची वहनक्षमता फारशी वाढत नाही. उलट, त्याच्या अतिरेकाने हृदयधमन्या आकुंचन पावतात. स्वीडनमध्ये संपृक्तता ९० टक्के वा अधिक असलेल्या ६,६२९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण प्राणवायू दिलेल्या गटात ५.० टक्के, तर न दिलेल्या गटात ५.१ टक्के होते. २०१९ मधील विश्लेषणात मधुमेही रुग्णांनाही लाभ आढळला नाही. संपृक्तता ९० टक्क्यांखाली गेल्यास मात्र प्राणवायू आवश्यकच ठरतो.

उच्चदाब प्राणवायू उपचार :
या पद्धतीत रुग्णास बंदिस्त कक्षात वातावरणाच्या सुमारे २ ते २.५ पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला जातो. त्यामुळे तो रक्तद्रवात अधिक प्रमाणात विरघळतो. मधुमेही पायाच्या चिघळलेल्या जखमांसाठी त्याचा उपयोग केला जातो. स्वीडनमधील ९४ रुग्णांच्या २०१० च्या अभ्यासात उपचार घेतलेल्या ५२ टक्के, तर तुलनागटातील २९ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. तथापि, नेदरलँड्समधील १२० रुग्णांच्या २०१८ च्या चाचणीत लक्षणीय लाभ सिद्ध झाला नाही. शिवाय उपचारादरम्यान रक्तातील साखर उतरू शकते आणि दुर्बल हृदयाच्या रुग्णास फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका संभवतो. म्हणून साखर व हृदयाची कार्यक्षमता यांची पूर्वतपासणी अगत्याची आहे. हृदयरक्षणाचा प्रस्थापित उपाय म्हणून ही पद्धती मान्य झालेली नाही.

समारोप :
प्राणवायू हे औषध आहे आणि औषधाला मात्रा व कारण दोन्ही लागतात. उणीव असेल तेथे तो जीवनदायी ठरतो; उणीव नसेल तेथे तो हृदयाला अधिक बळ देत नाही. मधुमेही व्यक्तीच्या हृदयाचे रक्षण साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण, तंबाखूत्याग, नियमित व्यायाम आणि वेळच्या वेळी तपासणी यांवरच अवलंबून आहे.