रंगीत व्यक्तिचित्राचे कृष्णधवल रूपांतर

रंगीत व्यक्तिचित्राचे कृष्णधवल रूपांतर : रंगीत छायाचित्रातील प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या घटकांपासून करड्या रंगाची एकच छटा ठरविण्याच्या प्रक्रियेस कृष्णधवल रूपांतर म्हणतात. संगणकावरील चित्रसंस्करण प्रणालींच्या साहाय्याने हे काम आता क्षणार्धात होते, त्यामुळे ‘रंग काढून टाकणे’ एवढाच त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे समजला जातो. ही समजूत अपुरी आहे. तीन संख्यांच्या जागी एक संख्या येते, तेव्हा त्या तिघींपैकी कोणीस किती महत्त्व द्यावयाचे, हे कोणीतरी ठरवावेच लागते. छायाचित्रकाराने ते ठरविले नाही, तर प्रणालीच्या निर्मात्याने आधीच ठरवून ठेवलेले प्रमाण लागू होते. निसर्गदृश्यात या निवडीने आकाश फिकट किंवा गडद होते. व्यक्तिचित्रात मात्र माणसाची कांती, वय व ओळख यांचेच स्वरूप तिच्यामुळे बदलते.

पूर्वपीठिका : हा प्रश्न संगणकाबरोबर उद्‌भवलेला नाही. आरंभीच्या छायाचित्रण काचा केवळ जंबुपार, जांभळ्या व निळ्या प्रकाशास संवेदी होत्या. त्यामुळे निळे डोळे जवळजवळ पांढरे उमटत, तर पिवळ्या व तांबड्या वस्तू काळ्या पडत. हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल (१८३४–९८) या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७३ मध्ये पायसात विशिष्ट रंजकद्रव्ये मिसळल्यास ते हिरव्या प्रकाशासही संवेदी होते, असे दाखविले. यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा व फिल्म तयार झाल्या. तथापि तांबडा प्रकाश त्यांना दिसत नसे. सर्व दृश्य रंगांस संवेदी असलेल्या पँक्रोमॅटिक काचा इंग्लंडमधील रॅटन व वेनराइट या कंपनीने १९०६ मध्ये बाजारात आणल्या. महाराष्ट्रातील घराघरांतून जपलेल्या जुन्या छायाचित्रांत स्त्रियांच्या कपाळावरील कुंकू शाईसारखे काळेभोर दिसते, त्याचे कारण बहुधा हेच आहे. ते कुंकू काळे नव्हते. पायसाला लाल रंग दिसत नव्हता. पँक्रोमॅटिक फिल्म आल्यावर भिंगापुढे रंगीत फिल्टर बसवून छटा कमीअधिक करण्याची सोय झाली. पिवळसर हिरव्या फिल्टरने चेहऱ्याची ठेवण उठून दिसते, लाल फिल्टरने त्वचा उजळते, हे छायाचित्रकारांना अनुभवाने माहीत होते. मात्र ही निवड छायाचित्र घेण्यापूर्वीच करावी लागे. संगणकीय रूपांतरात ती नंतर, आणि हवी तितक्या वेळा करता येते, एवढाच मूलभूत फरक आहे. [⟶ छायाचित्रण].

त्वचेचे प्रकाशीय गुणधर्म : त्वचेचा रंग प्रामुख्याने मेलॅनीन व रक्तातील हीमोग्लोबिन या दोन द्रव्यांवर अवलंबून असतो. मेलॅनीन जांभळा व निळा प्रकाश अधिक शोषते आणि तांबड्या टोकाकडे त्याचे शोषण कमी होत जाते. ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिनाचे शोषण सु. ४१५, ५४२ व ५७७ नॅनोमीटर या तरंगलांबींजवळ तीव्र असते, म्हणजे ते जांभळ्या आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांत येते; सु. ६०० नॅनोमीटरच्या पुढे ते एकदम घटते. शिवाय तांबडा प्रकाश त्वचेत अधिक खोल शिरून विखुरतो व मग बाहेर पडतो. याचा परिणाम म्हणून चित्राचा केवळ लाल घटक पाहिला, तर मुरुमांची लाली, डाग व डोळ्यांतील रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीशा होतात, ओठ फिके पडतात आणि त्वचा गुळगुळीत व उजळ भासते. हिरव्या घटकात ओठ, सुरकुत्या व गालांचा उठाव स्पष्ट होतो. निळ्या घटकात त्वचा सर्वांत गडद दिसते, प्रत्येक वांग व तीळ उठून येतो. वृद्ध शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या चेहऱ्यावरील उन्हापावसाच्या खुणा दाखविण्यास तो उपयोगी पडतो, पण बहुधा अल्प प्रमाणातच. पांढरे केस व दाढी यांत तिन्ही घटक जवळजवळ सारखेच असल्याने प्रमाण बदलल्याने त्यांच्यात फारसा फरक पडत नाही.

रूपांतराच्या पद्धती : सर्वांत सोप्या पद्धतीत संपृक्तता शून्य केली जाते. तीत तीन घटकांपैकी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान संख्यांची सरासरी घेतात, मधली संख्या विचारातच घेतली जात नाही. त्यामुळे शुद्ध लाल, शुद्ध हिरवा व शुद्ध निळा हे तिन्ही रंग एकाच करड्या छटेत उतरतात. व्यक्तिचित्रासाठी ही पद्धत टाळलेली बरी.

दुसरी पद्धत मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर आधारलेली आहे. डोळा उजेडात हिरव्या प्रकाशास सर्वाधिक संवेदी असतो (कमाल सु. ५५५ नॅनोमीटर). १९८२ च्या दूरचित्रवाणीविषयक आंतरराष्ट्रीय शिफारशीत लाल ०·२९९, हिरवा ०·५८७ व निळा ०·११४ असे भार दिले आहेत. उच्च विभेदन दूरचित्रवाणीसाठी ते पुढे ०·२१२६, ०·७१५२ व ०·०७२२ असे ठरले. चित्रफाइलीतील संख्या प्रकाशाच्या तीव्रतेशी सरळ प्रमाणात नसतात. म्हणून हे भार त्या संख्यांना तसेच लावले, तर येणारे उत्तर खऱ्या दीप्तीहून काहीसे वेगळे असते. गिम्प या मुक्त प्रणालीच्या २·१० या आवृत्तीत रंग काढण्याचे पाच पर्याय दिले आहेत, आणि त्यांत या दोन्ही प्रकारच्या गणनांचा समावेश आहे.

डोळ्याशी मिळतेजुळते म्हणून हे भार ‘खरे’ वाटतात, परंतु त्यांची मर्यादा एका उदाहरणाने ध्यानात येईल. हिरव्या लुगड्यातील एका बिंदूचे घटक (लाल, हिरवा, निळा या क्रमाने, ० ते २५५ या मापात) २०, १२०, ५० आणि त्याच्या लाल काठातील बिंदूचे २००, ३०, ४० आहेत असे मानू. १९८२ च्या भारांनी दोहोंचे उत्तर ८२ येते, म्हणजे काठ लुगड्यात विरून जातो! प्रत्यक्ष पाहणाऱ्यास जो विरोध सर्वांत आधी जाणवला असता, तोच चित्रातून नाहीसा होतो.

यावरील उपाय म्हणजे घटकांचे प्रमाण स्वतः ठरविणे. ॲडोबी फोटोशॉप (पहिली आवृत्ती १९९०), गिम्प इ. प्रणालींत त्यासाठी घटक-मिश्रक असतो. तीन प्रमाणांची बेरीज १०० टक्के ठेवल्यास पांढरा व करडा रंग मूळच्याइतकाच उजळ राहतो. ती वाढल्यास कपाळ व नाकाचा शेंडा यांवरील तपशील पांढऱ्यात बुडतो. आता कुंकवाचे उदाहरण घेऊ. निमगोऱ्या त्वचेचे घटक १९०, १४०, ११० व कुंकवाचे १७०, २५, ३५ असतील, तर केवळ लाल घटकात त्वचा १९० व कुंकू १७० येते. एवढ्या अल्प फरकाने कुंकू जवळजवळ पुसल्यासारखे दिसते. केवळ हिरव्या घटकात हा फरक ११५ होतो आणि कुंकू जुन्या छायाचित्रातल्याप्रमाणे काळे पडते. लाल ६० व हिरवा ४० टक्के घेतल्यास त्वचा १७० व कुंकू ११२ येते. हे मध्यम मिश्रण बऱ्याच चेहऱ्यांना मानवते. मात्र ते सूत्र म्हणून वापरू नये.

फोटोशॉपच्या २००७ च्या आवृत्तीपासून उपलब्ध झालेल्या पद्धतीत लाल, पिवळा, हिरवा, हिरवट निळा, निळा व किरमिजी अशा सहा वर्णांची उजळी स्वतंत्रपणे कमीजास्त करता येते. लाइटरूम या प्रणालीत हे वर्ण आठ असून त्यांत नारिंगीचाही समावेश आहे. मानवी त्वचा, मग ती गोरी असो वा काळी, वर्णाच्या दृष्टीने लाल व पिवळा यांच्या दरम्यान, नारिंगीच्या आसपासच असते. म्हणून त्वचेला धक्का न लावता ओठ व कुंकू गडद करणे या पद्धतीने शक्य होते. मात्र लाल व पिवळ्यांत फार अंतर ठेवले, तर गालावरील शेजारशेजारचे बिंदू वेगवेगळ्या गटांत पडतात आणि त्वचेवर कोडासारखे चट्टे उमटतात. नवशिक्याच्या कामात हा दोष हमखास आढळतो. चेहऱ्यासाठी एक व वस्त्रासाठी दुसरे प्रमाण हवे असेल, तर प्रत्येकाचा वेगळा थर करून नको तो भाग झाकणे हाच चांगला मार्ग होय.

कांतीचा प्रश्न : लाल घटकाचे प्रमाण वाढवून रूपांतर करण्याचा मोह मोठा असतो, कारण त्यामुळे डागही जातात आणि रंगही उजळतो. सावळ्या त्वचेचे घटक १२०, ७८, ५८ असतील, तर १९८२ च्या भारांनी तिची छटा ८८ येते व केवळ लाल घटकाने १२० येते. पुसट चित्रापेक्षा उजळ चित्र ग्राहकास आवडते हे खरे, परंतु सावळ्या माणसास गोरे करून देणारे हे चित्र त्याचे राहिले काय, हा प्रश्न उरतोच. त्यातही मौज अशी की, ज्याला केवळ ‘रंग काढला’ असे सांगितले जाते, त्याला आपली कांती बदलली आहे हे कळण्यास मार्ग नसतो. याउलट हिरव्या-निळ्या घटकांकडे झुकलेल्या रूपांतरात काळ्यासावळ्या चेहऱ्याचे नाकडोळे छायेत हरवतात. तेथे प्रमाण बदलण्याऐवजी छटांचा आलेख गडद भागात किंचित वर उचलावा; त्याने तपशील उघडतो व कांतीचा मूळ क्रमही टिकतो. एकाच चित्रात निरनिराळ्या वर्णांच्या व्यक्ती असल्यास हा क्रम टिकविण्यास विशेष महत्त्व आहे.

तांत्रिक मर्यादा : बहुतेक अंकीय कॅमेऱ्यांच्या संवेदकावर ब्राइस बेयर यांनी योजिलेली (एकस्व १९७६) फिल्टरांची जाळी असते, तीत निम्मे बिंदू हिरवे व प्रत्येकी एकचतुर्थांश लाल आणि निळे असतात. त्यामुळे लाल व निळ्या घटकांतील बराच तपशील अंदाजाने भरलेला असतो. जेपेग फाइलीत रंगाची माहिती आणखी आकुंचित केलेली असल्याने एकाच घटकावर भर देताच ठिपके व चौकटी दिसू लागतात. शक्य तेथे कच्ची फाइल वापरावी व काम १६ बिटांत करावे, कारण ८ बिटांच्या २५६ पायऱ्या ताणल्यावर कपाळासारख्या सौम्य उताराच्या भागात पट्टे पडतात.

रूपांतरित चित्र एकाच करड्या मूल्याच्या फाइलीत साठविल्यावर मूळ रंग परत मिळत नाहीत. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे कृष्णधवल चित्रांत रंग भरणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. परंतु वरील उदाहरणातील लुगडे व काठ यांची ८२ ही एकच छटा पाहून कोणता भाग हिरवा व कोणता लाल होता, हे त्यांना केवळ तर्कानेच ठरवावे लागते. म्हणून अभिलेखागारे, वृत्तपत्रे व कुटुंबे यांनी रंगीत मूळ प्रत वेगळी जतन करणे आवश्यक असते. लायका कंपनीने २०१२ मध्ये आणलेल्या कॅमेऱ्यात रंगीत जाळी मुळातच वगळलेली आहे. त्यामुळे चित्र अधिक रेखीव येते, पण रूपांतराची निवड नंतर करण्याची सोय राहत नाही. अशा कॅमेऱ्याने व्यक्तिचित्र घेणाऱ्यास शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रकाराप्रमाणे भिंगापुढे फिल्टर लावावा लागतो.