जबड्यात रोवलेल्या टायटॅनियमची साठ वर्षं

यॉस्टा लार्सन या स्वीडिश गृहस्थाचा टाळू जन्मतःच दुभंगलेला होता, हनुवटीची वाढ नीट झालेली नव्हती आणि खालच्या जबड्यात दात नव्हते. 1965 साली गोथेनबर्ग शहरात त्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले आणि पुढे त्यांवर पक्के दात चढवले. 2006 मध्ये तो वारला तेव्हाही ते दात त्याच्या तोंडात काम करत होते. चाळीस वर्षं तो त्यांनी जेवला आणि बोलला.

हे काम करणारे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हते. शरीररचनाशास्त्र आणि सूक्ष्म रक्ताभिसरण हा त्यांचा प्रांत. 1952 च्या सुमारास लुंड इथे ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी खिडकी बसवून आतल्या जिवंत मज्जेतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडं उपकरण परत काढायला गेले तर ते निघेना. हाड धातूला असं चिकटलं होतं की वेगळं करायचं तर हाडच फोडावं लागलं असतं. टायटॅनियम हाडाला सोसतं ही निरीक्षणं 1940 आणि 1951 साली अमेरिकेतल्या संशोधकांनीही नोंदवली होती. ब्रोनेमार्क यांचं वेगळेपण हे की ते तिथून पुढे पंचवीस-तीस वर्षं त्या एकाच गोष्टीच्या मागे राहिले. आधी कुत्र्यांच्या जबड्यात, मग माणसांत.

त्या काळचे इतर इम्प्लांट कसे होते हे पाहिल्याशिवाय या चिकाटीची किंमत कळत नाही. पात्यासारखे, पट्टीसारखे, हाडावर जाळी ठेवून वरून हिरडी शिवायचे, असे अनेक प्रकार अमेरिकेत आणि युरोपात चालत होते. बहुतेकांच्या भोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊतीचं आवरण तयार होई, आणि इम्प्लांट जुन्या भिंतीतल्या खुंटीसारखा हळूहळू हलायला लागे. ते हलणं चालण्यासारखं आहे, खऱ्या दाताच्या मुळाभोवतीही तंतू असतातच, अशी त्याची बाजू मांडली जाई. 1978 साली हार्वर्डला एक परिषद भरली. तिथे ठरलेले निकष आज वाचले तर धक्का बसतो. कोणत्याही दिशेला एक मिलिमीटरपर्यंत हलला तरी इम्प्लांट चालेल, आणि शंभरातल्या पंचाहत्तर रुग्णांमध्ये पाच वर्षं टिकला म्हणजे झालं. त्या परिषदेला दोष देण्याचा माझा हेतू नाही. हातात असलेल्या साधनांकडून जेवढी आशा करता येत होती, तेवढीच त्यांनी लिहून ठेवली.

गोथेनबर्गच्या गटाने स्वतःवर याहून फार कडक अटी घालून घेतल्या होत्या. भोक पाडताना हाड तापू द्यायचं नाही, सतत सलाइनची धार, कमी वेगाचं ड्रिल. हाडाचं तापमान मिनिटभर 47 अंशांच्या पुढे गेलं तर ते नंतर नीट भरून येत नाही, हे एरिकसन आणि अल्ब्रेक्टसन यांनी 1983 मध्ये प्रयोगाने दाखवलं. पण काळजी त्याआधीपासून घेतली जात होती. स्क्रू बसवल्यावर वर हिरडी शिवून टाकायची आणि खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा महिने त्याला हात लावायचा नाही. मग दुसरी शस्त्रक्रिया, मग दात. रुग्णाला हा काळ नकोसा होई. तरी हाडाला हवा तेवढा वेळ दिला गेला.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यांनी मोजणी केली. दहा वर्षांच्या अनुभवाचा वृत्तांत 1977 मध्ये आला, आणि 1981 मध्ये अडेल, लेकहोम, रॉकलर आणि ब्रोनेमार्क यांचा पंधरा वर्षांचा अभ्यास. दंतवैद्यकाच्या इतिहासातला हा निबंध मला आजही प्रामाणिकपणाचा नमुना वाटतो. 1965 ते 1980 या काळात 371 रुग्णांच्या 410 बिनदातांच्या जबड्यांत 2768 इम्प्लांट बसवले. रुग्ण निवडून घेतले नव्हते, ओळीने येतील तसे सगळे मोजले होते. सुरुवातीची पाच वर्षं तंत्र बसवण्यातच गेली, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पद्धत ठरल्यानंतरच्या, पाच ते नऊ वर्षं पाहिलेल्या गटात 130 जबडे आणि 895 इम्प्लांट होते. वरच्या जबड्यातले 81 टक्के आणि खालच्यातले 91 टक्के इम्प्लांट घट्ट राहिले. त्यावरचे ब्रिज मात्र वर 89 टक्के आणि खाली 100 टक्के टिकले, कारण एखादा स्क्रू गेला तरी उरलेले भार उचलत होते. हाडाची झीज पहिल्या वर्षाअखेर सरासरी दीड मिलिमीटर, आणि त्यानंतर दरवर्षी मिलिमीटरचा दहावा भाग.

वरच्या जबड्यातलं अपयश पाचात एक, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्या आकड्यावरच पुढच्या वीस वर्षांचं काम उभं राहिलं.

1982 साली टोरोंटोला जॉर्ज झार्ब यांनी परिषद भरवली आणि उत्तर अमेरिकेने हे काम स्वीकारलं. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला, आंद्रे श्रोडर स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले होते. धातूसकट हाडाचे पातळ छेद घेऊन, मध्ये काहीही नसताना हाड टायटॅनियमला भिडतं, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. आधी ज्यांना हे शक्य वाटत नव्हतं त्यांच्यासाठी हा पुरावा निर्णायक ठरला. 1986 मध्ये अल्ब्रेक्टसन, झार्ब, वर्दिंग्टन आणि एरिकसन यांनी यशाचे नवे निकष लिहिले. इम्प्लांट अजिबात हलता कामा नये. एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती काळी रेघ दिसता कामा नये. पहिल्या वर्षानंतरची झीज वर्षाला 0.2 मिलिमीटरहून कमी असावी. दुखणं नसावं, संसर्ग नसावा. पाच वर्षांनी किमान 85 टक्के आणि दहा वर्षांनी किमान 80 टक्के यश हवं. हार्वर्डच्या निकषांना तेव्हा आठ वर्षंच झाली होती.

मराठी वाचकाला एक नाव इथे ओळखीचं लागेल. ब्रोनेमार्क यांचे इम्प्लांट कारखान्यात बनवण्यासाठी 1978 मध्ये पुढे आली ती बोफोर्स कंपनी. तोफांसाठी धातू अचूक कापण्याचं कसब जबड्यातल्या बारीक स्क्रूंना उपयोगी पडलं. त्यातून पुढे वेगळी दंत-कंपनी निघाली, ती आजच्या नोबेल बायोकेअरची पूर्वज. भारतात बोफोर्स हे नाव ज्या कारणाने गाजलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कारखान्याने लाखो म्हाताऱ्या माणसांना चावण्याची ताकद परत द्यायला मदत केली, ही नोंदही राहायला हवी.

पुढच्या दोन दशकांत इम्प्लांटच्या पृष्ठभागावर खूप काम झालं. गुळगुळीत स्क्रूचं वरच्या जबड्याच्या मागच्या, भुसभुशीत हाडात जमत नव्हतं. जॅफिन आणि बर्मन यांनी 1991 मध्ये दाखवलं की सर्वांत मऊ हाडात 35 टक्के इम्प्लांट निकामी होतात, तर इतर हाडांत 3 टक्के. मग वाळूचा मारा करून आणि आम्लाने खरवडून खडबडीत केलेले पृष्ठभाग आले. बरं होण्याचा काळ सहा-आठ आठवड्यांवर आला. बर्नच्या बूझर यांच्या गटाने अशा 511 इम्प्लांटची दहा वर्षांची तपासणी 2012 मध्ये छापली. त्यात 98.8 टक्के जागेवर होते. जिथे हाडच नाही तिथे हाड वाढवणं, गालातल्या पोकळीचा तळ उचलणं, त्याच दिवशी दात देणं, चार इम्प्लांटवर पूर्ण बत्तीशी उभी करणं, असं सगळं याच काळात झालं. प्रत्येकाचा स्वतंत्र इतिहास आहे, तो इथे मांडत नाही.

मला थांबायचंय ते 98.8 या आकड्यापाशी. तो खोटा नाही. पण तो तज्ज्ञांच्या विद्यापीठातला, निवडक रुग्णांचा, आणि 'इम्प्लांट तोंडात आहे का' एवढ्याच प्रश्नाचा आहे. 2004 मध्ये पिएतुर्सन, लांग आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. इम्प्लांटवरच्या ब्रिजमध्ये पाच वर्षांत इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच पाच वर्षांत 38.7 टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला. कुणाचं पोर्सेलिन तुटलं, कुणाचा स्क्रू ढिला झाला, कुणाची हिरडी सुजली. दवाखान्याच्या भिंतीवर मात्र टांगला जातो तो पहिलाच आकडा. रुग्ण पैसे देतो ते पुढची वीस वर्षं जेवण्यासाठी, म्हणून दुसरा आकडा त्याला आधी कळायला हवा असं मला ठामपणे वाटतं.

ही चूक दुरुस्त केली ती पुन्हा स्वीडननेच. तिथे दंतोपचाराला सरकारी विम्याची मदत मिळते, म्हणून कुणाला कधी इम्प्लांट बसवला याची नोंद राहते. यान डर्क्स, टॉर्ड बर्गलुंड आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदींतून रुग्ण निवडले. कुणी तज्ज्ञाकडे गेलेला, कुणी गावातल्या साध्या दवाखान्यात. नऊ वर्षांनंतर त्यांना बोलावून तपासलं. 2015 च्या निबंधानुसार 7.6 टक्के रुग्णांनी किमान एक इम्प्लांट गमावला होता. 2016 चा निबंध त्याहून बोचरा होता. 588 रुग्णांपैकी 45 टक्क्यांना इम्प्लांटभोवतीच्या हाडाचा दाह होता, म्हणजे रक्त किंवा पू आणि सोबत हाडाची झीज. मध्यम ते तीव्र स्वरूपाचा, दोन मिलिमीटरहून जास्त हाड गेलेला दाह 14.5 टक्क्यांना. आधी हिरड्यांचा आजार झालेल्यांना, चार किंवा जास्त इम्प्लांट असलेल्यांना आणि सामान्य दंतवैद्याकडून दात बसवून घेतलेल्यांना धोका जास्त निघाला. काही कंपन्यांच्या इम्प्लांटमध्येही तो जास्त होता.

या आकड्यांवरून वाद पेटला. हाडाची थोडी झीज म्हणजे आजार नाही, परक्या वस्तूला शरीराने दिलेला तो प्रतिसाद आहे, असं 1986 च्या निकषांचे कर्ते अल्ब्रेक्टसन आग्रहाने सांगत आले आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या झिजेला आजार म्हटलं तर आजारी लोकांची संख्या फुगते. पण 14.5 टक्के हा आकडा त्या युक्तिवादाने पुसला जात नाही. व्याख्या एकसारखी व्हावी म्हणून 2017 मध्ये शिकागोला जगभरचे हिरडीतज्ज्ञ जमले, आणि त्यांचं वर्गीकरण 2018 मध्ये छापून आलं.

काही निष्कर्ष मात्र वादापलीकडे गेले आहेत. धूम्रपानाचा सर्वांत जुना. बेन आणि मॉय यांनी 1993 मध्ये 540 रुग्णांच्या 2194 इम्प्लांटचा हिशेब दिला. ओढणाऱ्यांत अपयश 11.28 टक्के, न ओढणाऱ्यांत 4.76. दुसरा प्रतिजैविकांचा. शस्त्रक्रियेच्या तासभर आधी अमॉक्सिसिलिनचा दोन किंवा तीन ग्रॅमचा एकच डोस दिला, तर दर 25 रुग्णांमागे एकाचा इम्प्लांट वाचतो, असं कॉक्रेनच्या 2013 च्या आढाव्यात दिसलं. नंतर पाच-सात दिवस गोळ्या चालू ठेवण्याला त्यात ठोस आधार मिळाला नाही. आपल्याकडच्या चिठ्ठीवर तो कोर्स आजही सर्रास दिसतो. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना ही सवय मोडायला हवी.

तिसरा निष्कर्ष मला सर्वांत जवळचा. ज्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही त्यांना साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी ही पहिली निवड असावी, असं मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात 2002 मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं. त्यामागे जोसलिन फाइन आणि इतरांच्या अभ्यासांचा आधार होता. या अभ्यासांत हाडाच्या मिलिमीटरांइतकंच वजन रुग्णाच्या उत्तराला होतं. तुम्हाला काय खाता येतं? बोलताना कवळी निसटते का? चारचौघांत बसायला संकोच वाटतो का? खालची कवळी जिभेने उचलली जाते, भाकरीचा तुकडा तोडताना पुढे सरकते, हे घरातल्या आजी-आजोबांना वर्षानुवर्षं पाहणाऱ्याला सांगायला नको. सहा-आठ इम्प्लांटचा खर्च न पेलणाऱ्या कुटुंबालाही दोन इम्प्लांटचा विचार करता येतो. आपल्या सरकारी दंत महाविद्यालयांतून या उपचाराचा प्रसार व्हायला हवा तेवढा झालेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

महाराष्ट्रासाठी या संशोधनाची खरी परीक्षा 2021 मध्ये झाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले, आणि म्युकरमायकोसिसने अनेकांचा वरचा जबडा खाल्ला. जीव वाचवण्यासाठी सर्जनना टाळू आणि दातांसकट हाड काढावं लागलं. वाचलेल्यांपैकी अनेकांना पाणी पिताना ते नाकातून येई आणि बोललेलं समोरच्याला कळत नसे. ज्यात साधा इम्प्लांट रोवायचा ते हाडच उरलेलं नव्हतं. अशांना आधार मिळाला गालाच्या हाडात रोवायच्या लांब इम्प्लांटचा. साधा इम्प्लांट साधारण एक सेंटिमीटरचा, हा तीन ते पाच सेंटिमीटरचा. कर्करोगाने किंवा अपघाताने जबडा गमावलेल्यांसाठी खुद्द ब्रोनेमार्क यांनीच तो पुढे आणला होता. मात्र गोथेनबर्गच्या रुग्णांपेक्षा हे रुग्ण फार वेगळे आहेत. मधुमेह जुना, बुरशी पूर्ण गेली की नाही याची धास्ती, आणि त्यांच्यातल्या काहींना तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय. बुरशीच्या उपचारानंतर किती महिने थांबायचं, रक्तातली साखर किती खाली आणायची, याची उत्तरं स्वीडनच्या नोंदींत मिळणार नाहीत. ती इथल्याच रुग्णांना वर्षानुवर्षं बोलावून, एक्स-रे काढून आणि अपयशासकट लिहून मिळवावी लागतील.

स्वीडनसारखी विम्याची नोंदवही आपल्याकडे नाही. पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत केसपेपर आहेत, एक्स-रे आहेत आणि दरवर्षी प्रबंध लिहिणारे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. त्या रुग्णांची पाच वर्षांची तपासणी 2026 मध्ये करता येते, आणि दहा वर्षांची 2031 मध्ये. 1981 च्या निबंधात आलेले रुग्णही असेच एकेक वर्ष बोलावून तपासलेले होते.