लेथ सोडून एम-थ्री धरावं का?

चाकण-भोसरीत सीएनसी चालवणाऱ्या मुरलेल्या टर्नरला कटिंगचा आवाज बदलला की इन्सर्ट झिजल्याचं कळतं. ड्रॉइंगवर सही मात्र इंजिनीअरची. बढती सुपरवायझरपाशी अडली की प्रश्न पडतोच: नोकरी सोडून शिकावं का?

वाट आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, पुढे पदवीच्याही. म्हणजे दोन अधिक तीन, पाच वर्षं. यात फीपेक्षा बुडालेला पगारच जास्त बोचतो.

खरी ठेच गणिताची. पदवीचं पहिलं वर्ष टळतं, त्याबरोबर एम-वन, एम-टू हे गणिताचे पेपरही; मग समोर उभं राहतं एम-थ्री, लाप्लास ट्रान्सफॉर्मसकट. मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर सहज वाचणारा गडी तिथे गांगरतो. उलट टॉलरन्स आणि फिट त्याच्या बोटांत असतात. बारावीहून आलेली पोरं तेच घोकून पाठ करतात.

नोकरी सांभाळूनही शिकता येतं. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत डिप्लोमा-पदवीचे वर्ग चालवायला संस्थांना मुभा दिली. त्यासाठी कामाचा अनुभव लागतो. आणि शिफ्ट बदलून देणारा सुपरवायझरही लागतो, पण ते कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नसतं.