अपंग, दिव्यांग की नुसतं 'अण्णा'?

शब्द बदलला की माणसाचं जगणं बदलतं का? गावात, घरात आणि ऑफिसात आपण सहज जे बोलून जातो, त्याची ही छोटीशी झाडाझडती.

माढ्यात कुणाचं घर विचारून बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात फ्लॅट नंबर सांगायची पद्धत नाही, खूण सांगायची आहे. माढेश्वरीच्या देवळाकडून सरळ जा, पुढं अमक्या लंगड्याचं दुकान लागेल, त्याच्या शेजारी. किंवा त्या मुकीच्या घरासमोर. सांगणाऱ्याच्या मनात काडीचंही वाईट नसतं. गल्ली नंबर सांगावा, तितक्याच सहज तो हे सांगतो.

गंमत पुढं आहे. तो दुकानदार समोर आला की हाच माणूस त्याला 'लंगड्या' म्हणत नाही. तेव्हा असतं, "काय अण्णा, आज लवकर उघडलं?" तोंडावर अण्णा, तात्या, आक्का, आणि पाठ फिरली की पाय, डोळा, कान! माणसाशी बोलायचं कसं हे आपल्या मराठीला नीट ठाऊक आहे. घोटाळा होतो तो माणसाबद्दल बोलताना.

याच माढ्यातली मुलं कुर्डुवाडीला गाडी पकडून पुण्याला येतात, हिंजवडी-खराडीत नोकरीला लागतात. तिथं अण्णाही नाही आणि लंगड्याही नाही. तिथं 'स्पेशल', 'डिफरंटली एबल्ड', 'हँडिकॅप कोट्यातला' असले शब्द भेटतात. शब्द पॉलिश्ड, पण ओळख अजूनही शरीरावरूनच!

म्हणींपासून आडनावांपर्यंत

आपल्याला हे वळण कुठून लागलं? लहानपणापासून आपण आंधळी कोशिंबीर आणि लंगडी खेळत आलो. 'आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं', 'वासरांत लंगडी गाय शहाणी' या म्हणी शाळेच्या पुस्तकातून पाठ केल्या. बॉसला सुचतो तो 'लंगडा युक्तिवाद', पेपरला दिसतो तो 'आंधळा कारभार', सरकार असतं 'बहिरं'. आडनावांतसुद्धा बोबडे आणि आंधळे सापडतात. संत एकनाथांच्या भारुडांमध्ये तर आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी पात्रंच आहेत. तिथं निशाणा अर्थातच शरीरावर नाही. डोळे असून न बघणाऱ्या, कान असून न ऐकणाऱ्या तुमच्या-आमच्यावर आहे.

म्हणजे हे सगळे शब्द उद्यापासून बंद? तसं कुणी म्हणत नाही. लंगडीला लंगडीच म्हणायचं. पण 'आंधळा कारभार' म्हणताना आपण आंधळेपणा म्हणजे बेफिकिरी असं गृहीत धरतो, हे एकदा लक्षात आलं तर जीभ आपोआप जरा अडखळते. तेवढं पुरे.

देवत्व नको, बस हवी

आता सरकारी शब्दांकडे वळू. आपल्याकडे बरीच वर्षं 'अपंग' चाललं, हिंदीत 'विकलांग'. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. २०१६ मध्ये केंद्राच्या विभागाचं हिंदी नाव बदललं. महाराष्ट्रातही पाट्या बदलल्या. पुण्याचं अपंग कल्याण आयुक्तालय दिव्यांग कल्याण आयुक्तालय झालं आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्यानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच काढला.

सगळेच खूश झाले? छे! अनेकांना 'अपंग'पेक्षा हा शब्द सन्मानाचा वाटला आणि त्यांनी तो मनापासून उचलला. पण अपंग हक्कांसाठी लढणाऱ्या देशभरातल्या कार्यकर्त्यांनी लगेच विरोधही केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्या अंगात दिव्य असं काही नाही. आम्हाला देव करून कोपऱ्यात बसवू नका, बसमध्ये चढता येईल एवढं बघा. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनंही भारताबद्दलच्या आपल्या निरीक्षणांत हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली.

खरं तर असा मुलामा द्यायची हौस जुनीच. लहानपणीच दृष्टी गेलेल्या विदर्भातल्या गुलाबराव महाराजांना लोक 'प्रज्ञाचक्षू' म्हणत. त्यांची विद्वत्ताच तशी होती. पण प्रत्येक अंध माणसाला प्रज्ञाचक्षू म्हटलं, तर ज्याला फक्त बँकेत क्लार्क व्हायचंय त्यानं काय करायचं? साधं असण्याचा हक्क त्यालाही आहे की नाही?

उलट टोकाचं उदाहरणही आहे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेचं नाव 'महारोगी सेवा समिती'. त्या काळी तोच रुळलेला शब्द होता. आज कुणा माणसाला 'महारोगी' म्हणणं आपल्याला झेपणार नाही. आनंदवनाचं काम मात्र त्या शब्दाच्या कितीतरी पुढं गेलं. शब्द मागं राहिला तरी काम पुढं जाऊ शकतं. आणि शब्द पुढं गेला, काम तिथंच राहिलं, असंही होतं!

मुकं कोण, बहिरं कोण?

काही शब्द मात्र फक्त कानाला खटकतात म्हणून नाही, तर ते चूकच आहेत म्हणून टाळायला हवेत. 'मूकबधिर' घ्या. ज्याला ऐकू येत नाही त्याचा आवाज बहुतेक वेळा ठणठणीत असतो. आणि तो बोलतोही, हातांनी. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, २०१५ पासून तिच्यासाठी दिल्लीत सरकारी संशोधन केंद्र आहे, आणि तिच्या शब्दकोशात दहा हजारांवर शब्द आहेत. मग मुका कोण? ती भाषा न येणारे आपण! रेल्वेनंही २०१८ मध्ये सवलतीच्या फॉर्मवरची अशी जुनी वर्णनं बदलली.

तेच 'मतिमंद'चं. १९९५ च्या कायद्यात त्या अर्थाचा शब्द होता. २०१६ च्या नव्या कायद्यानं तो काढून 'बौद्धिक अक्षमता' आणली आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. म्हणजे आता ॲसिड हल्ल्यात भाजलेली मुलगी, थॅलेसेमियाचा पेशंट, ऑटिझम असलेला तुमचा डेटा ॲनालिस्ट हेही त्यात आले. वरून काहीच दिसत नाही अशी माणसं यात खूप आहेत. 'बघून तर वाटत नाही हं!' हे कौतुक म्हणून म्हणणं म्हणूनच बंद करा.

हे म्हणा, ते टाळा

- मूकबधिर नको, कर्णबधिर म्हणा.
- 'व्हीलचेअरला जखडलेला' नको, व्हीलचेअर वापरणारा. खुर्ची त्याला बांधून ठेवत नाही, फिरवते.
- मतिमंद नको, बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती.
- 'पोलिओग्रस्त', 'पीडित' नको, पोलिओ झालेला.
- 'नॉर्मल माणसं' नको, अपंगत्व नसलेली.
- 'अंध' हा शब्द अनेक अंध व्यक्तींना चालतो. 'दृष्टिहीन'मधला 'हीन' काहींना खुपतो. शंका असेल तर विचारा.

मामला फक्त शिष्टाचाराचा नाही

'इतकं काय मनावर घ्यायचं, जोकच तर होता,' असं वाटत असेल तर थांबा. अपंगत्व असलेल्या व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड. जुलै २०२४ मध्ये एका हिंदी सिनेमावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फार छान भेद केला. एक विनोद अपंगत्व समजून घ्यायला मदत करतो, दुसरा माणसाला खाली पाडतो. दोन्ही एका तागडीत तोलू नका. २०२५ मध्ये काही स्टँडअप कॉमेडियन्सना याच कारणासाठी माफी मागायला लागली.

पण नुसत्या शब्दांनी रॅम्प बांधला जात नाही, हेही तितकंच खरं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. यातल्या माढ्यासारख्या ठिकाणच्या माणसाला 'दिव्यांग' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो सर्टिफिकेटवर. एसटीची सवलत, ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी, नोकरीतलं ४ टक्के आरक्षण हे सगळं त्या कागदावर आणि ४० टक्क्यांच्या आकड्यावर अडलेलं. त्यासाठी हेलपाटे घालणाऱ्याला वर तुम्ही काय नाव लिहिलंय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. आत मदतीची कोणती योजना आहे, कागद कधी मिळणार, हे हवं असतं. आणि योजनेचं नाव पाहावं, तर 'निराधार'!

मग आपण काय करायचं? दोन गोष्टी, दोन्ही फुकट. एक, वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्या कंपनीचं कुठं आहे, हे उद्या एचआरला मेल टाकून विचारा. लिफ्टमध्ये ब्रेल आहे का, ट्रेनिंगच्या व्हिडिओला सबटायटल्स आहेत का, तेही त्याच मेलमध्ये.

दोन, टीममध्ये नवा सहकारी आला आणि ओळख करून द्यायची वेळ आली, तर त्याचं नाव सांगा, तो काय काम करतो ते सांगा. काठी, श्रवणयंत्र किंवा खुर्ची लोकांना दिसेलच. त्याबद्दल सांगायचं की नाही, आणि कुठल्या शब्दात, ते त्याचं त्याला ठरवू द्या. चहाच्या ब्रेकमध्ये जमलंच तर त्यालाच विचारा, "तुला काय म्हटलेलं आवडतं?" बहुतेक वेळा उत्तर फार सोपं येतं. त्याचं नाव!