आठशे वर्षं न कुजलेलं लाकूड

मुलांनो, उघड्यावर पडलेला लाकडाचा ओंडका किती वर्षं टिकतो? तुम्ही अंगणात पाहिलं असेल. दोन-चार पावसाळे झाले की त्यावर अळंब्या उगवतात, आणि बोट रोवलं तर ओला भुगा हातात येतो. आज मी तुम्हांला अशा इमारतीची गोष्ट सांगणार आहे, जी खांबांपासून छपराच्या टोकापर्यंत लाकडाची आहे आणि शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हाच तिला जवळजवळ साडेचारशे वर्षं झाली होती. ती अजून उभी आहे.

नॉर्वेच्या पश्चिम भागात लॅर्डाल नावाचं डोंगरांच्या कुशीतलं खोरं आहे. तिथलं हे बोर्गुंडचं चर्च. राजाचं नव्हे, मोठ्या शहराचंही नव्हे, पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांचं. एकावर एक चढत गेलेली छपरं, वरच्या आढ्यांच्या टोकांवर जबडा उघडून बसलेले लाकडी ड्रॅगन, आणि सगळं अंग डांबराने काळवंडलेलं. त्यासाठी झाडं तोडली गेली ती ११८०-८१ च्या हिवाळ्यात.

आता तुम्ही विचाराल, इतकी नेमकी तारीख कुणी लिहून ठेवली? ती झाडांनीच ठेवली. थंड देशात झाड बारा महिने सारखं वाढत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते भराभर वाढतं, तेव्हाचं लाकूड फिकट आणि मोकळं असतं. उन्हाळा सरायला लागला की वाढ मंदावते आणि लाकूड गडद, घट्ट होतं. एक फिकट आणि एक गडद पट्टा मिळून एक वलय, म्हणजे एक वर्ष. उन्हाळा गारठलेला गेला तर वलय अरुंद, ऊबदार गेला तर रुंद. एका प्रदेशातल्या सगळ्या झाडांनी तेच उन्हाळे सोसलेले असतात, म्हणून हा रुंद-अरुंदाचा क्रम सगळ्यांच्या पोटात सारखाच सापडतो. शास्त्रज्ञांनी सुरुवात जिवंत झाडापासून केली. त्याची आतली वलयं एखाद्या जुन्या घराच्या तुळईतल्या बाहेरच्या वलयांशी जुळवली, त्या तुळईची आतली वलयं आणखी जुन्या लाकडाशी, आणि असं मागे मागे जात शेकडो वर्षांची सलग साखळी बांधली. त्या साखळीवर बोर्गुंडचं लाकूड ठेवलं की सालीलगतचं शेवटचं वलय कोणत्या साली पुरं झालं ते कळतं. ते वलय पुरं झालेलं आणि पुढचं सुरू न झालेलं असेल, तर कुऱ्हाड हिवाळ्यातच पडलेली असणार.

पण खरं कोडं वयाचं नाही, टिकण्याचं आहे. लाकूड आपोआप कुजत नाही, त्याला बुरशी खाते. बुरशीला खाणं लागतं, हवा लागते, थोडी ऊब लागते आणि पाणी लागतं. खाणं म्हणजे लाकूडच, ते काढून घेता येत नाही. हवा आणि उन्हाळ्यातली ऊबही अडवता येत नाही. राहिलं पाणी. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली ठेवली तर बुरशीची मात्रा चालत नाही. नॉर्वेतल्या त्या सुतारांनी हा आकडा कधी ऐकला नव्हता, पण त्यांच्या कामात तो जागोजागी पाळलेला दिसतो.

हे कसब त्यांनी एका दिवसात मिळवलं नाही. आधीच्या चर्चांचे खांब सरळ जमिनीत पुरलेले असत. पुरलेल्या खांबाची गंमत बघा. खोल मातीत हवा कमी, म्हणून तिथे तो बराच काळ तग धरतो. वरचा भाग वाऱ्यावर सुकतो, तोही टिकतो. पण जिथे माती संपते आणि हवा सुरू होते, तिथे ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात, आणि बरोबर त्याच वीतभर जागी खांब सडतो. बोर्गुंडच्याच मुलखात, फियोर्डच्या म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या काठी, उर्नेस इथे, आजच्या चर्चखाली जुन्या चर्चच्या पुरलेल्या खांबांचे खड्डे सापडले आहेत. ते जुनं चर्च गेलं, पण त्याचा अप्रतिम कोरीव दरवाजा लोकांनी टाकला नाही, नव्या भिंतीत बसवला. उर्नेसचं हे चर्च १९७९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

मग सुतारांनी खांब जमिनीतून वर काढले. खाली दगडांचा पाया घातला, त्यावर जाडजूड आडव्या तुळया ठेवल्या आणि खांब त्या तुळयांवर उभे केले. कोपऱ्यावर दोन तुळया एकमेकींना छेदतात. कोपऱ्याच्या खांबाच्या तळाला खाच पाडून तो बरोबर त्या छेदावर बसवला, टोपी घालावी तसा. भिंतीच्या उभ्या फळ्यांना एका कडेला कुसू, दुसऱ्या कडेला खाच, आणि जोडकामाला लाकडी खुंट्या. वारा लोटू लागला की तिरप्या फुलीच्या आधारांमुळे सांगाडा थोडा हलतो आणि पुन्हा जागेवर येतो. आणि खांब-तुळईच्या कोनात जे वाकडे आधार लागतात, ते सरळ फळीतून कापलेले नाहीत. झाडाचं बुड जिथे मुळात वळतं, तिथलं उपजतच वाकलेलं लाकूड त्यासाठी घेतलं, म्हणजे तंतू तुटत नाहीत. या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं. झाड जंगलात उभं असतानाच त्यातला कोणता तुकडा कुठे बसणार, हे त्या माणसांना दिसत होतं.

झाड होतं पाइनचं, आपल्या हिमालयातल्या चीडच्या कुळातलं. पाइन म्हातारा होतो तसा त्याच्या गाभ्यात राळ भरते आणि पिनोसिल्विन नावाचं द्रव्य साठतं, जे बुरशीला विषासारखं आहे. म्हणून गाभ्याचं लाकूडच भारवाहू कामाला निवडत.

त्यावर लेप डांबराचा, तोही पाइनचाच. तोडलेल्या झाडांचे बुंधे जमिनीत तसेच राहू देत. बाहेरचं पांढरं लाकूड सडून जाई, राळेने भरलेलं मधलं उरे. ते खणून काढायचं, बारीक फोडायचं, उतारावरच्या नरसाळ्यासारख्या खड्ड्यात भूर्जाची साल अंथरून रचायचं, वरून माती-शेवाळाने झाकून पेटवायचं. हवा मिळत नाही म्हणून भडका होत नाही. ते कित्येक दिवस धुमसतं आणि तळातून काळं, दाट डांबर ठिबकतं. ते गरम करून भिंतींना चोळतात. दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊन जास्त, तिथलं डांबर लवकर जातं, म्हणून तिथे पुन्हा पुन्हा हात फिरवावा लागतो. डांबर लावणारा गावकरी थकला तर चर्चही थकणार, इतकं ते माणसावर अवलंबून आहे.

आणि माणसं थकलीही. १३४९ मध्ये प्लेगने नॉर्वे उजाड केला आणि अशा चर्चांचं बांधकाम थांबलं. पुढे १८५१ च्या कायद्याने ठरवलं की चर्चमध्ये गावातली किमान तीन दशांश माणसं मावली पाहिजेत. लहान, अंधारी लाकडी चर्चं भराभर पाडली गेली. पण ही पाडापाडी कायद्याच्या आधीच सुरू झाली होती, आणि योहान क्रिस्तियान डाल या चित्रकाराला ती सहन झाली नाही. वांगचं चर्च मोडीत निघणार होतं, ते त्याने १८४१ साली लिलावात घेतलं. ते प्रशियाच्या राजाकडे गेलं आणि आज पोलंडमधल्या कार्पाच इथे उभं आहे. १८४४ मध्ये जुन्या वास्तू जपणारी संस्था निघाली, तिच्या उभारणीतही तो होता. बोर्गुंडला १८६८ साली शेजारीच नवं चर्च बांधलं, पण जुनं पाडलं नाही. १८७७ मध्ये त्याच संस्थेने ते विकत घेतलं. एकेकाळी नॉर्वेत अशी हजारभर चर्चं असावीत. आज २८ उरली आहेत.

तुम्ही पुढच्या वेळी वाईला किंवा पुण्याला एखाद्या जुन्या वाड्यात गेलात, तर नक्षीकडे नंतर बघा. आधी खाली वाका आणि सागवानी खांबाचा पाय बघा. तो मातीला टेकलेला नसेल, दगडी तळखड्यावर असेल. त्याच्याभोवती पाणी साचत असेल, तर घरमालकाला त्याच दिवशी सांगा.