रात्रपाळीचं ऑर्किड

रात्रभर जागणारे फक्त सबमिशनवाले नसतात! ब्रॅसाव्होला नोडोसा हे मेक्सिकोपासून व्हेनेझुएलापर्यंत झाडांवर, खडकांवर वाढणारं ऑर्किड. त्याची पांढरी फुलं दिवसा जवळजवळ वासच देत नाहीत. अंधार पडला की सुगंध सुटतो, कारण परागीभवन करणारे पतंग रात्री उडतात.

पानांचीही रात्रपाळीच. छिद्रं रात्री उघडून ती कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून त्यापासून अन्न बनवतात. त्यामुळे पाणी वाचतं. अशा काटकसरी झाडाला आपण प्रेमाने रोज पाणी ओततो आणि मुळं कुजवतो.

मुळांवर स्पंजसारखं आवरण असतं. ते पाणी पटकन शोषतं, पण मग त्याला हवा हवी. म्हणून माती नकोच. झाड लाकडाच्या तुकड्यावर बांधा, किंवा भोकं असलेल्या कुंडीत कोळसा आणि विटांचे तुकडे भरून लावा. ओली मुळं हिरवट दिसतात. ती पांढरी झाली की मगच पाणी द्या. सकाळचं ऊन भरपूर, दुपारी सावली. आपल्या पावसाळ्यात छपराखाली, वाऱ्यावर टांगा. पानं गडद हिरवी आणि फुलं नाहीत? म्हणजे उजेड कमी पडतोय. फुलं आली, की वास घ्यायला रात्रीच जा!