जुन्या शाईच्या शेजारी नवी शाई

नको असलेल्या टॅटूवर नवे चित्र गोंदवून घेतल्यावर जुनी शाई कोठे जाते, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर असे, की ती कोठेही जात नाही. त्वचेचा बाह्यस्तर साधारण महिन्याभरात झडून नवा होत असल्याने टॅटूची सुई शाई त्याखालच्या अंतस्त्वचेत, म्हणजे रक्तवाहिन्या आणि तंतूंनी भरलेल्या स्तरात, सोडते. ‘कव्हर-अप’ची नवी शाईही त्याच स्तरात, जुन्या कणांच्या आजूबाजूला जाऊन बसते.

तेथे हे कण धरून ठेवण्याचे काम मुख्यतः महाभक्षी पेशी, म्हणजे शरीरात शिरलेले परके कण गिळणाऱ्या पेशी, करतात. अशा भक्षक पेशींचे कार्य ओळखणारे इल्या मेचनिकॉव्ह यांचा टॅटूच्या चर्चेत क्वचितच उल्लेख होतो, ही खेदाची गोष्ट आहे. १८८२ मध्ये सिसिलीतील मेस्सिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याभोवती फिरत्या पेशी जमलेल्या पाहिल्या. सुई टोचलेल्या त्वचेतही मूलतः हेच घडते. मार्सेय येथील सँड्रीन आन्री आणि बर्नार मालिसां यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की या पेशी मेल्या तरी टॅटू फिका पडत नाही, कारण मोकळे झालेले कण त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या पेशी पुन्हा गिळतात.

जुने चित्र दिसेनासे होते ते प्रकाशाच्या नियमांमुळे. एकापुढे एक धरलेल्या रंगीत काचांप्रमाणे दोन्ही शाया आपापल्या वाट्याचा प्रकाश शोषतात, त्यामुळे मिश्रण नेहमी अधिक गडद होते: हिरव्यावर लाल गोंदवले तर तपकिरी छटा येते आणि काळ्यावर पिवळा रंग उठत नाही. म्हणून कुशल कलाकार जुन्या रेषांवर गडद छाया आणतात आणि पाने, पिसे किंवा खवले यांची दाट रचना निवडतात, कारण डोळा ठळक सीमारेषा शोधतो आणि अशा गर्दीत जुनी रेषा त्याला वेगळी काढता येत नाही.

जुने चित्र फारच काळे असेल, तर आधी लेझरने ते फिके करतात. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलेल्या तत्त्वानुसार, रंगकण शोषू शकेल अशा तरंगलांबीचा अत्यंत अल्पकालीन प्रकाशझोत सोडल्यास आसपासच्या ऊतींना फारशी इजा न होता ते कण फुटतात. फुटलेले कण पेशी आणि लसीकावाहिन्या हळूहळू वाहून नेतात. ‘टॅटू कायमचा पुसून देऊ’ या जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नये, कारण काही रंग लेझरला दाद देत नाहीत आणि पांढऱ्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइड तर लेझरने उलट काळवंडू शकतो. लेझरचा निर्णय म्हणूनच नव्या चित्राच्या आधी घ्यावा. दुप्पट शाई भरल्यानंतर तोच उपाय अधिक लांबणारा आणि अधिक अनिश्चित ठरतो.